सतरा सेकंद

झेरॉक्सची जुनी खोली आता आमचा स्टुडिओ.
भिंतींना गोधड्या: एक कर्डक मॅडमच्या सासूबाईंची,
दोन वसतिगृहाच्या, एक कुणाची ते कुणी सांगत नाही,
तिला डांबरगोळ्यांचा वास येतो.
पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यातसुद्धा.
अन्सार हेडफोनवर हात दाबून म्हणतो,
थांबा, विमान.
ओझरचं विमान धरणावरून वळून जाईपर्यंत
मॅडम, मी, पाहुणे
फोटोला बसल्यासारखे.

आजचे पाहुणे हौशीराम गांगुर्डे,
पुस्तक वितरण विभाग, निवृत्तीला अकरा दिवस.
एकतीस वर्षं पार्सलं बांधली.
डहाणूला, शिरपूरला, सीमेवरच्या कुठल्याशा चौकीला,
नाशिकरोडच्या जेलमधल्या बी.ए. प्रथम वर्षाला.
आमचे विद्यार्थी आमच्याकडे येत नाहीत,
आमची पुस्तकंच त्यांच्याकडे जातात.
मॅडमनी विचारलं, कुणी लक्षात राहिलं का हो?
काका म्हणाले, नावं नाही राहत. पिनकोड राहतात.
आणि गप्प झाले.

रात्री मी कापायला बसते.
आमच्या मोहाडीला घडातले मणी कात्रीनं विरळ करतात,
आई अजूनही जाते, रोजानं,
म्हणते, हात हलका ठेव, देठाला लागता कामा नये.
मी हलक्या हातानं काढते
काकांचं 'आपलं ते', मॅडमचं दर वाक्यामागचं 'नक्कीच',
खुर्चीची कुरकुर, अन्सारची दाबलेली शिंक.
पडद्यावर हिरवी रेघ रामशेजच्या डोंगरासारखी वर-खाली
आणि मधेच एकदम माळरान.
सतरा सेकंद.

मॅडमचा नियम आहे,
दोन सेकंदांवर शांतता ठेवायची नाही,
ऐकणारा उठून जातो.
मी कात्री तिथवर नेते.
मग उगीच आवाज वाढवून बघते.

माळरानात सुतळी आहे.
खरखर, एक वेढा, दुसरा वेढा, ओढ.
टेबलाखाली काकांचे हात
खिशातल्या तुकड्याला गाठ मारत होते
आणि आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

अठराव्या सेकंदाला काका म्हणतात,
चार, दोन, पाच...
पुढचे तीन आकडे मोरानं खाल्ले.
(आवारातले मोर विमानासारखे वळून जात नाहीत.)
तीनदा पाठवलं. तीनदा परत आलं.
वर लिहिलेलं, या नावाची बाई इथं राहत नाही.
चौथ्यांदा मी माझ्या खर्चानं पाठवलं.
मॅडम विचारतात, मग मिळालं त्यांना?
काका म्हणतात,
परत नाही आलं.

मी सतरा सेकंद तसेच ठेवले. मोरही ठेवला.
मॅडम रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, बघ बाई.

ऐकणारे त्रेचाळीस.
त्यातले नऊ वेळा मीच, चार वेळा अन्सार,
एकदा माझी आई, बागेत, कात्री हातात,
मला म्हणाली, तुझा आवाज कुठंय यात?

दोन निरोप आले.
पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून रात्रपाळीचा कुणी:
मधे वाटलं रेंज गेली, फोन आपटला, मग मोर ओरडला.
आणि एका बाईंचा, गाव लिहिलेलं नाही:
तुमची गाठ कधी सुटली नाही हो दादा,
आम्ही विळीवर कापायचो.

शेवटच्या दिवशी काका खाकी कागदाच्या
रिकाम्या रिळावर बसून चहा पीत होते.
मी फोन पुढे केला. बाईंचा निरोप दोनदा वाचला त्यांनी,
ओठ हलवत, पावती वाचावी तसा.
मग विचारलं, पिनकोड?
काका, निरोपाला पिनकोड नसतो.
असं कसं, म्हणाले,
आणि फोन उलटा करून
त्याची मागची बाजू बघू लागले.